उलट फिरवलेला दोरा

पाहुणे नदीवरून परतले की ओले बूट व्हरांड्यात, थापा जेवणाच्या टेबलावर आणि गळाच्या काठ्या वहिनींच्या खोलीत, अशी त्या घरातली वाटणी होती. वहिनी प्रत्येक काठीची दोरी चकरीवरून उलगडत आणि ओल्या फडक्यातून ओढून काढत. खोट्या माशीनं मासे धरण्याच्या या खेळात वजन असतं ते त्या जाडसर दोरीलाच. माशी म्हणजे गळाभोवती गुंडाळलेली चार पिसं. फुंकर मारली तर टेबलावरून उडेल. ती दूर जाऊन पडते ती दोरीच्या जोरावर. दोरी मळली की बुडते, आणि मग चांगला जुनाजाणता पाहुणाही काठीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

फडकं काळंहिरवं झालं म्हणजे दोरी दिवसभर पाण्यात होती. फडकं पांढरं राहिलं, तर काय समजायचं?

हाच प्रश्न वहिनींना गेला महिनाभर छळत होता. कारण पांढरं फडकं निघत होतं ते त्यांच्या दिराच्या दोरीवर. घरात पाहुणे नसले की धाकटा सकाळीच होडी काढायचा. "मागच्या डोहावर जाऊन येतो, पाणी कसं आहे बघतो," म्हणायचा. संध्याकाळी यायचा, काठी कोपऱ्यात ठेवायचा आणि विचारलं तर सांगायचा, "दोन लागले. सोडून दिले."

"मोठे होते?"

"बरे होते."

वहिनी दोरी फडक्यातून ओढत आणि फडकं दिव्याखाली धरून बघत. धुतल्यासारखं स्वच्छ. दोन मासे लागले म्हणे! हवेत पोहत होते काय?

हे घर वहिनींच्या नवऱ्यानं उभं केलं होतं. नदीच्या वळणावर चार खोल्या, एक व्हरांडा, दोन होड्या. नदी पुढे लव्हाळ्यात शिरून फुटते, तिथून मैलोगणती पाणथळ. त्या लव्हाळ्यातून एक अरुंद वाट मागच्या डोहाकडे जाते, आणि त्या डोहात सोनशेपटी मासा असतो. हातभर लांब, दात करवतीसारखे, लागला की काठी वाकवून पाण्याबाहेर उसळी मारणारा. त्याच्यासाठी लोक लांबून येत, धरत, फोटो काढत आणि परत सोडून देत. ती वाट नवऱ्यानं धाकट्या भावाला दाखवली होती, आणखी कुणाला नाही. नवरा वारल्यावर होड्या धाकट्याकडे आल्या, माश्या बांधणं आणि घर वहिनींकडे, आणि स्वयंपाकघर आधीपासूनच सासूबाईंकडे होतं, ते कुणाच्या बापाला मिळणार नव्हतं.

मग समोरच्या काठावर टोपीवाला आला. मोठा तंबूवजा कँप, नव्या होड्या, दुरूनही दिसेल अशी रुंद टोपी. त्याच्याकडे सगळं होतं, मागचा डोह तेवढा नव्हता. ज्या दिवशी त्याला ती वाट कळेल, त्या दिवशी आपण चार खोल्यांना कुलपं लावायची, हे वहिनींना लख्ख माहीत होतं. आणि वाट सांगू शकेल असा माणूस जगात एकच होता. तो रोज त्यांच्याच टेबलावर जेवत होता आणि मान खाली घालून जेवत होता.

"बाई असणार," सासूबाई म्हणाल्या. त्या भाजी चिरत होत्या, आणि भाजी चिरताना त्यांना माणसांचं सगळं कळे.

"कुठली बाई?"

"ते मला काय ठाऊक! पण परवा त्याच्या शर्टावर पीस होतं. पांढऱ्या ठिपक्यांचं. कुणीतरी पिसांची टोपी घालणारी असेल. त्याच्या बापालाही अशीच नटवी आवडायची, मग मी मिळाले."

वहिनी हसल्या नाहीत. ठिपक्यांचं पीस बाईच्या टोपीवर असो नसो, त्यांच्या कपाटात नक्की होतं. चित्रांगी कोंबड्या पाळणाऱ्या एका म्हातारीकडून त्या ती पिसं मागवत. त्यांनी कपाट उघडून पिशवी हातात तोलली. हलकी. काळ्या दोऱ्याचं रीळही त्यांच्या अंदाजापेक्षा बारीक झालेलं.

म्हणजे माल इथून जात होता. टोपीवाल्याकडे माश्या बांधणारा कुणीतरी असणार, आणि त्याला पिसं कोण पुरवत होतं ते उघड होतं.

त्यांनी माश्यांची पेटी काढली. स्पंजात ओळीनं खोचलेल्या माश्या जागच्या जागी होत्या. एक उचलून त्यांनी उजेडात धरली. डोकं घट्ट, शेपटी सरळ, पोटावर तारेचे पट्टे समान अंतरावर. 'ही छान जमली होती,' त्यांना वाटलं, आणि एवढ्या चिंतेतही जरा बरं वाटलं. कधी बांधली ते मात्र आठवेना.

रोगण संपत आलं होतं. माशीच्या डोक्यावर शेवटी रोगणाचा थेंब द्यावा लागतो. जुन्या बाटलीचं झाकण त्यांच्यानं उघडेना. आताशा सकाळी उजवा अंगठा असा बधिर असे की कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागे. सासूबाईंनी बाटली घेतली आणि एका पिळात उघडून दिली.

"तुझ्या वयाला मी काय काय उघडत होते," त्या म्हणाल्या.

नवं रोगण आणायला वहिनी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या, आणि तिथं त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

गल्ल्यामागच्या भिंतीवर टोपीवाल्यानं आपल्या कँपचा मोठा फोटो लावला होता. मध्ये एक गोरा पाहुणा, बाजूला टोपीवाला स्वतः, आणि दोघांच्या हातांवर आडवी सोनशेपटी. माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात एक माशी. काळं अंग, ठिपक्यांची शेपटी, पोटावर चकचकीत तार.

"जरा सरका," त्या दुकानदाराला म्हणाल्या आणि गल्ल्याच्या आत शिरल्या.

"अहो वहिनी, रोगण इकडे आहे."

"रोगण कुठं पळून चाललंय?"

त्या तारेचे पट्टे बघत होत्या. पट्टे उलट्या बाजूला झुकलेले होते. जगातला कुठलाही माश्या बांधणारा दोरा आणि तार स्वतःपासून दूर फिरवतो. वहिनी स्वतःकडे फिरवत. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात नवरा माश्या बांधायचा आणि त्या टेबलाच्या समोरच्या बाजूला बसून बघायच्या. तो दोरा दूर लोटायचा, यांना तो आपल्याकडे येताना दिसायचा. शिकवलं कुणीच नाही, त्या बघून शिकल्या, आणि सगळं उलटं शिकल्या. नवऱ्याच्या लक्षात आलं तोवर हात बसला होता. "राहू दे," तो म्हणाला होता, "चोरी झाली तर ओळखता येईल."

फोटो उलटा छापला गेला असेल काय, अशी एक शेवटची आशा त्यांना होती. त्यांनी टोपीवरची अक्षरं वाचली. सुलट होती.

घरी जाताना त्यांनी निर्णय घेऊन टाकला. परवा दंतवैद्य येणार होते. हंगामात दर महिन्याला ते आधी एकटे यायचे, मासा बघून जायचे आणि मग मित्रांचा सगळा जथा घेऊन यायचे. हंगाम त्यांच्यावरच चालत असे. तेवढी खेप पार पडू द्यायची. मग धाकट्याला समोर बसवायचं आणि सांगायचं, भाऊजी, तुमचं सामान उचला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी वहिनींनी खोलीचं दार लावून घेतलं आणि नव्या माश्या बांधल्या. अंगठा दुखत होता, तरी बांधल्या. पत्र्याच्या डब्यात भरून डब्याला कुलूप घातलं.

दंतवैद्य आले ते हसतच. हा माणूस दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून थकलेला, म्हणून नदीवर येऊन आणखी भयंकर तोंडात हात घालायचा.

"उद्या मीही येते होडीतून," जेवताना वहिनी म्हणाल्या.

धाकट्याचा घास थांबला. "तुम्ही? तुम्हाला होडीत मळमळतं ना, वहिनी?"

"मला होडीची मळमळ येत नाही. माणसांची येते."

"वा!" दंतवैद्य म्हणाले. "कुणाची विकेट काढताय?"

"आणि माश्या मीच देईन हातानं. या खेपेला नव्या बांधल्यात."

धाकट्यानं पाणी प्यायलं. "मग डबा जरा द्या माझ्याकडे. गळांची टोकं तपासून ठेवतो."

"मी तपासलीत."

"तरी एकदा—"

"भाऊजी, मी तपासलीत म्हणाले ना?"

त्याचा चेहरा पडला. इतका पडला की वहिनींना वाटलं, आता साक्षीपुराव्याची गरजच नाही.

सकाळी धुकं उठत असताना ते निघाले. धाकटा मागे उभा राहून बांबूनं होडी ढकलत होता, दंतवैद्य पुढे, वहिनी मध्ये, मांडीवर डबा. नदीवर शिळ्या पानांचा वास होता. टोपीवाल्याच्या काठासमोर आले तेव्हा तो धक्क्यावर दात घाशीत उभा होता. त्यानं टोपी उंचावली आणि ओरडला, "काय रे, विचार झाला का?"

धाकट्यानं नुसता हात हलवला. "नंतर सांगतो."

"लवकर सांग! मी काय जन्मभर थांबू?"

वहिनींनी मागे वळून दिराकडे बघितलं. तो पाण्याकडे बघत होता. डब्याच्या पत्र्यावर त्यांची बोटं पांढरी पडली. पाठीशी उभा राहणारा माणूस पाठीत बांबू घालायलाही सोयीच्या जागी असतो, असं काहीसं त्यांच्या मनात येऊन गेलं.

लव्हाळी दोन्ही बाजूंनी अंगावर आली, मग एकदम बाजूला झाली. मागचा डोह समोर पसरला होता, काळा आणि स्तब्ध. पलीकडे वाळलेल्या झाडाशी पाण्यावर एक वर्तुळ उमटलं, लगेच दुसरं.

"आहेत घरी," दंतवैद्य कुजबुजले.

वहिनींनी कुलूप काढून पहिली माशी दिली. दंतवैद्यांनी ती बांधली, काठी मागे नेली, दोरी हवेत सरळ होऊ दिली आणि पुढे सोडली. माशी झाडाच्या बुंध्याशी हलकेच पडली. दोन झटके दिले नाहीत तोच पाणी फुटलं. काठी वाकली, सोनेरी अंग अर्धं बाहेर आलं, आणि काठी सरळ झाली.

दंतवैद्यांनी दोरी ओढून घेतली. टोकाला गळ होता, शाबूत. गळाला दोऱ्याचं एक लोंबतं टोक. पिसं नव्हती, तार नव्हती.

"कवळी निघून यावी तशी निघाली," ते म्हणाले.

"मोठा असेल मासा," वहिनी म्हणाल्या. "ही दुसरी घ्या."

दुसऱ्या माशीला मासा लागलाही नाही. चार फेकींतच डोक्याचा दोरा सुटला आणि शेपटी गळून पाण्यावर तरंगायला लागली. दंतवैद्यांनी ती तरंगती शेपटी बघितली, मग चष्मा पुसला. तिसरीचं तेच झालं.

"रीळ बदललं होतं मी," वहिनी म्हणाल्या. "दोरा चांगला नाही आताचा."

"असेल. नाहीतर मागच्या खेपेला तुमची एकच माशी मी दोन दिवस वापरली, बघा. त्या बेट्यानं चावून चावून चोथा केला, पण सुटली नाही."

डोहावर पुन्हा वर्तुळ उमटलं. धाकट्यानं बांबू आडवा ठेवला. आपली जुनी टोपी काढली, अस्तरात खोचलेली एक माशी उपसली आणि वहिनींच्या डोक्यावरून हात पुढे करून दंतवैद्यांना दिली. वहिनींकडे त्यानं बघितलं नाही.

या वेळी काठी वाकली ती वाकलेलीच राहिली. मासा होडीखालून गेला, लव्हाळ्याकडे पळाला, दोनदा हवेत उडाला. दंतवैद्य हसत होते आणि शिव्या देत होते. शेवटी धाकट्यानं जाळं घातलं, चिमट्यानं गळ सोडवला आणि माशाला दोन्ही हातांवर पाण्यात धरून ठेवलं. त्यानं शेपटी मारली आणि तो निघून गेला.

"इकडे द्या," वहिनी म्हणाल्या.

ओली, चावलेली माशी त्यांनी तळहातावर घेतली. तारेचे पट्टे उलट्या बाजूला झुकलेले होते, त्यांच्यासारखेच. त्यांनी डोक्याच्या दोऱ्याखाली नख घातलं. हललं नाही. पुन्हा घातलं. मग डब्यातली आपली एक काढली, आजच्याच लॉटमधली, आणि तिच्याखाली नख घातलं. दोरा लगेच सैल झाला.

शेवटची गाठ ओढायची असते अंगठ्यानं.

त्यांनी दोन्ही माश्या शेजारी शेजारी धरल्या. ठिपक्यांचं पीस, हलकी पिशवी, बारीक झालेलं रीळ, पांढरं फडकं. सगळं जिथल्या तिथंच होतं, फक्त ते मांडणारा हात दुसरा होता. पेटीतली ती छान जमलेली माशीसुद्धा त्यांची नव्हती.

डोहावरून परतताना दंतवैद्य पुढे टोपी तोंडावर घेऊन पडले होते. झोपले असावेत.

"कधीपासून?" वहिनींनी मागे न बघता विचारलं.

"मागच्या हंगामापासून. एक पाहुणा म्हणाला, माश्या सुटतात हल्ली. मी म्हटलं, माझ्याकडूनच भिजल्या असतील."

"आणि शिकलात कुणाकडून?"

"तुमच्याकडूनच. एकेक माशी घ्यायचो आणि उलगडायचो. जशी उलगडेल तशी परत गुंडाळायची. लव्हाळ्यात होडी बांधून बसायचो. पहिल्या शंभर तर कोंबडीनंही ओळखल्या नसत्या."

"सरळ फिरवायचा दोरा. सगळं जग सरळ फिरवतं."

"मग तुम्ही पेटीत एका नजरेत ओळखली असती ना."

वहिनींना राग आला. खरा राग, महिनाभर सांभाळलेल्या खोट्या रागाहून जास्त. "माझ्या माश्यांचं काय केलंत?"

"गळ काढून घेतले. पिसं पुन्हा वापरली."

"म्हणजे चोरच. मी उगीच संशय घेत नव्हते."

"कसला संशय?"

"वाट विकलीत म्हणून! फोटो बघितलाय मी दुकानात. माझी माशी, त्याच्या माशाच्या तोंडात."

बांबू क्षणभर थांबला. "तुम्हाला वाटलं, मी—" होडी आपली आपण थोडी वाहत गेली.

"तो मासा माझा होता," टोपीखालून दंतवैद्य म्हणाले. ते झोपले नव्हते. "मागच्या खेपेला दोरी तोडून गेला. ती माशी तोंडात घेऊनच लव्हाळ्यातून बाहेर नदीत आला असेल. येताना दुकानात मीही बघितला तो फोटो. नीट बघा, तुमच्या माशीला माझ्या दोरीचा तुकडा लोंबतोय. त्याची माशी दुसऱ्या गालात आहे."

"ती मला दिसली नाही," वहिनी म्हणाल्या.

"आपलं पोर असलं की वर्गाच्या फोटोत बाकीचे दिसतात का कुणाला? बोला तुम्ही, मी झोपलोय."

टोपीवाल्याचा धक्का आता जवळ येत होता. वहिनींच्या मनात अजून एक काटा होता, आणि काटा ठेवून घरी जाणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

"त्याला कसला विचार करून सांगणार आहात?"

धाकटा ओशाळला. "त्यानं ती माशी माशाच्या तोंडातून काढली आणि मला दाखवली. म्हणाला, ही ज्यानं बांधली त्याला माझ्याकडे कामाला आण. मी म्हटलं, वहिनींनी बांधलीय."

"मी?"

"मग काय सांगणार! तर तो म्हणतो, वहिनींना विचार. मी आठ दिवस तुम्हाला विचारायचं म्हणतोय, पण तुमचा चेहरा असा, की मीठ मागायचीही चोरी."

दंतवैद्यांची टोपी हलायला लागली. ते झोपेत हसत असावेत.

धक्क्यावरून हाक आली, "काय रे?"

वहिनी होडीत उभ्या राहिल्या. होडी डुलली. त्यांनी एका हातानं दिराचा बांबू धरला आणि ओरडून सांगितलं, "वहिनींना जमणार नाही म्हणावं! वहिनींचा अंगठा गेलाय!"

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं. उच्चारून झाल्यावर त्या खाली बसल्या.

संध्याकाळी दंतवैद्य व्हरांड्यात बसून मित्रांना फोनवर माशाची लांबी सांगत होते आणि प्रत्येक फोनला मासा वाढत होता. वहिनींनी कपाटातून नवऱ्याचा छोटा शिकंजा काढला, गळ धरून ठेवायचा, आणि टेबलावर आपल्या शिकंज्याशेजारी बसवला. धाकटा आला, खुर्ची ओढून समोरच्या बाजूला बसायला लागला.

"समोर नको. समोर बसून शिकलं की काय होतं ते जन्मभर बघतेय. शेजारी बसा."

तो शेजारी बसला. त्यानं पीस लावलं, दोरा घेतला आणि सवयीनं आपल्याकडे फिरवायला लागला. वहिनींनी बघितलं, पण दुरुस्त केलं नाही.

"डोकं जाड करता तुम्ही," त्या म्हणाल्या. "दोन वेढे कमी घ्या. आणि पिशवीला हात लावण्याआधी विचारायचं."

"बरं."

"मी बांधत जाईन. शेवटची गाठ तुम्ही ओढायची."

"बरं."

सासूबाई दारातून डोकावल्या. दिराच्या शर्टावर पुन्हा पीस होतं. "काय गं, सापडली का ती बाई?"

"सापडली. मीच."

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, यातलं काहीच पसंत नसल्यासारखा चेहरा केला आणि रोगणाची बाटली उघडून टेबलावर ठेवली.

धाकट्यानं गाठ ओढली, दोरा कापला आणि माशी वहिनींपुढे धरली. त्यांनी डोक्याखाली नख घातलं. हललं नाही. त्यांनी माशी दिव्याजवळ नेली, फिरवली, आणि पुन्हा एकदा नख घातलं.